नादारीचा अर्ज आणि मामांची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र छापून आलं. ‘आजकालची पोरं कर्ज काढून आयफोन घेतात, गोव्याला जाऊन येतात आणि अंगाशी आलं की दिवाळखोरीचा अर्ज टाकून मोकळी होतात’ असा एकूण सूर होता. साहेबांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून मला त्यांना एवढंच विचारायचंय, की हा अर्ज मिळतो कुठे? माझा अख्खा उन्हाळा तो शोधण्यात गेला.

माझं वय २८. मेकॅनिकलचा डिप्लोमा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. भोसरीत एका खोलीत आम्ही दोघं राहतो. हातात पगार पडतो २९,४०० रुपये. गोवा मी अजून पाहिलेला नाही. फोन साडेअकरा हजारांचा आहे. तोही हप्त्यांवर घेतला होता, पण तो फिटला. फिटलेलं तेवढं एकच.

मार्चमधल्या एका रविवारी, खोलीतला जोडीदार गावी गेला होता तेव्हा, मी कंपनीतल्या जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टांच्या कोऱ्या बाजूवर सगळं देणं एकाखाली एक लिहून काढलं. पहिलं क्रेडिट कार्ड १ लाख ४२ हजार. दुसरं ६८ हजार. एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, बाकी १ लाख ७४ हजार. मोबाइलवरच्या तीन ॲपचे मिळून ६१ हजार. गावाकडच्या पतसंस्थेचे १ लाख २० हजार. एका मित्राचे हातउसने २५ हजार. बेरीज ५ लाख ९० हजार. दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस मी, आणि स्वतःच्या देण्याला दोन वर्षं ‘असतील तीनेक लाख’ म्हणत होतो. महिन्याचे हप्ते आणि किमान भरणा मिळून ३८ हजारांच्या पुढे जात होता. पगार २९,४००. वरचे पैसे कुठून येत होते? अर्थातच, पुढच्या ॲपमधून.

हे कसं झालं ते लपवत नाही, कारण लपवलं तर साहेबांचंच खरं ठरेल. आधीच्या कंपनीतलं कंत्राट संपलं आणि पाच महिने घरी बसलो. तेव्हा खोलीचं भाडं आणि किराणा कार्डावर गेला. बहिणीच्या लग्नाला पतसंस्थेतून दोन लाख उचलले. कार्ड फेडायला पर्सनल लोन घेतलं, कार्ड शून्यावर आणलं, आणि सहा महिन्यांत ते परत भरलं. इथपर्यंत कुणीही मला ‘परिस्थिती’ म्हणून सोडून देईल. पण त्याच्या पुढं ऑप्शन ट्रेडिंग आहे, म्हणजे शेअरचा भाव चढेल की पडेल यावर पैसे लावणं. अकरा आठवड्यांत १ लाख १३ हजार घालवले. शॉप फ्लोअरवर चहाच्या सुट्टीत फोन उघडायचा, लाल आकडा बघायचा आणि परत गेज हातात घ्यायचा. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला, की फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ सामान्य माणसांचं तीन वर्षांत नुकसानच झालं. त्या ९३ मधला एक मी. कुणी बळजबरी केली नव्हती.

साहेबांना एक मात्र सांगावंसं वाटतं. तुमच्या काळी कर्ज मागायला तुमच्यासमोर खुर्चीत बसावं लागायचं आणि तुम्ही चष्म्यावरून बघत ‘कशाला पाहिजे?’ विचारायचात. मला दोन वर्षांत हा प्रश्न एकानंही विचारला नाही. रात्री पावणेबाराला ‘अभिनंदन, आपलं कर्ज मंजूर’ असा मेसेज यायचा. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण कर्जांसाठी बँकांनी राखून ठेवायचं भांडवल वाढवून थोडा लगाम घातला म्हणतात, पण माझ्या फोनपर्यंत तो लगाम पोचलेला दिसला नाही.

आता कार्डाचं गणित, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. १ लाख ४२ हजारांवर महिना ३.६ टक्के व्याज म्हणजे ५,११२ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ९२० रुपये. झाले ६,०३२. मी इमानदारीत दर महिन्याला किमान भरणा म्हणून ७,२०० भरायचो आणि स्वतःला शहाणा समजायचो. मूळ देण्यातून वजा होत होते ११६८ रुपये. जीएसटी तर त्या पैशांवर, जे मी कधी पाहिलेही नाहीत.

तर अशा रविवारी मी फोनवर ‘दिवाळखोरी’ टाइप केलं. आधी यूट्यूबवर अमेरिकेतली पोरं दिसली, ‘चॅप्टर सेव्हन’ केलं आणि कसं मोकळं वाटलं ते सांगणारी. वाटलं, चला, आपल्याकडेही असेल. आपल्याकडे आहेही. मराठीत नाव भारदस्त आहे: ‘नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६’. मी गावी वडिलांना सहज म्हणून फोनवर विचारलं, “आप्पा, नादारी म्हणजे काय हो?” ते म्हणाले, “शाळेची फी माफ. मला होती ना, सातवीपर्यंत. का रे?” मी म्हटलं, काही नाही, पेपरात शब्द आला होता.

ही संहिता वाचायला मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो, शिवाजीनगर कोर्टात. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदत मिळते हे मला कंपनीतल्या युनियनच्या माणसानं सांगितलं. १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. तिथं भेटलेल्या वकील मॅडमनी माझे कोऱ्या बाजूचे कागद शांतपणे बघितले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही निदान लिहून तरी आणलंय. लोक फोन पुढं करतात.”

त्यांनी सांगितलं ते असं. २८ मे २०१६ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या या संहितेत माणसांसाठी वेगळा भाग आहे, तिसरा. त्यात ‘नवी सुरुवात’ नावाची सोय आहे, म्हणजे छोट्या कर्जदाराचं देणं माफ करून त्याला परत उभं करायचं. अट अशी, की वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, देणं ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नको. ६० हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला पाच हजार. संपादक महाराज, महिन्याला पाच हजार कमावणाऱ्याला ३५ हजारांचं कर्ज देतं कोण? आणि या अटीत बसणारा कुणी सापडलाच तरी उपयोग नाही, कारण हा भाग सामान्य माणसासाठी हे पत्र लिहीपर्यंत लागूच झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो, ‘नवी सुरुवात’ वगळून, लागू आहे फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, तोही मुख्यतः बँकांना त्यांच्यामागे लागता यावं म्हणून. कंपनी बुडाली तर तिचा निकाल लावायला ३३० दिवसांची मुदत ठरवून दिलीय. माझ्यासारख्यासाठी अधिसूचना २०१६ पासून टेबलावर आहे.

“मग आम्ही काय करायचं?” मी विचारलं. मॅडम हसल्या. “तुम्ही १९२० मध्ये जायचं.”

खरंच. मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा कायदा आणि बाकी सगळ्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून जिवंत आहे. पुण्यात राहणाऱ्यानं त्याखाली जिल्हा न्यायालयात जायचं. देणं किती हवं? पाचशे रुपये किंवा जास्त. नव्या कायद्यात मी फार श्रीमंत ठरतो आणि जुन्यात भोसरीतला जवळजवळ प्रत्येक जण पात्र. अर्ज दाखल झाला, कोर्टानं नादार जाहीर केलं, की जे काही आहे नाही ते कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या (रिसीव्हरच्या) ताब्यात जातं आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय सावकाराला तुमच्या मालमत्तेमागे लागता येत नाही. हे ऐकून माझा जीव खरंच भांड्यात पडला होता. माझ्याकडे जप्त करायला काय आहे? एक गादी, एक मिक्सर आणि सेकंडहँड स्प्लेंडर.

पण मॅडमनी पान उलटलं. नादारीतून सुटका, म्हणजे ‘आता तू मोकळा’ असा हुकूम, वेगळा मागावा लागतो. आणि कोर्टाला तो बिनशर्त देता येत नाही, जर तुमची मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल आणि त्यात तुमचा दोष नाही हे पटवता आलं नाही. किंवा जर तुम्ही बेफाम सट्ट्यानं, उधळपट्टीनं, जुगारानं स्वतःवर ही वेळ आणली असेल. त्यांनी ‘सट्टा’ शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्या कागदावरच्या १ लाख १३ हजारांकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यानं माझं ट्रेडिंग अकाउंट पाहिलं होतं की काय असं वाटलं.

आणखी एक गंमत. नादार जाहीर झाल्यावर, सुटका होईपर्यंत, कुणाकडूनही पन्नास रुपये किंवा जास्तीची उधारी घ्यायची तर आधी त्याला ‘मी नादार आहे’ हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आमच्या कंपनीच्या गेटवरच्या टपरीत माझं खातं आहे. दोन वडापाव, दोन चहा, की पन्नासच्या वर गेलंच. म्हणजे मी टपरीवाल्या अण्णांना रोज सकाळी कळवायचं, की अण्णा, मी न्यायालयानं घोषित केलेला नादार आहे, एक कटिंग द्या. अण्णा म्हणतील, तू आधी मागचे तीनशे दे.

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या सगळ्या वकिलीत व्यक्तीचा असा अर्ज त्यांनी स्वतः एकही चालवलेला नाही. पण करायचाच असेल तर करू. आणि मग त्यांनी विचारलं, “पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार कोण आहे?”

मी म्हटलं, मामा.

इथं माझं सगळं गणित फसलं. माझे मामा एसटीत कंडक्टर आहेत, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतायत. बहिणीच्या लग्नाच्या वेळी पतसंस्थेनं पगारदार जामीनदार मागितला, तेव्हा मामा ड्यूटीवरून थेट खाकी गणवेशात आले. काउंटरवर उभ्या उभ्या पाच ठिकाणी सह्या केल्या, वाचलं काहीच नाही, आणि वर मलाच म्हणाले, “भाच्या, जेवला का?” आता नादारीचा कायदा असं म्हणतो, की कर्जदाराची सुटका झाली तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. मॅडमच्या शब्दांत, “नादारी तुमची होईल, देणं मामांचं होईल.” आणि पतसंस्थेला दिवाणी दावा लावत बसायची गरजही नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेतला, की वसुली अधिकारी थेट कामाला लागतो. गावाकडे ‘एकशे एकची नोटीस आली’ एवढं म्हटलं तरी पुढचं सांगावं लागत नाही. निवृत्तीच्या वर्षात डेपोत ती नोटीस, सही केल्याबद्दल.

तिथंच माझ्यापुरता नादारीचा विषय संपला. नैतिकता वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. पाच सह्या करून जेवणाचं विचारणाऱ्या माणसाला मी तोंड दाखवू शकलो नसतो, एवढंच.

माझं गाव सुप्याजवळ, बारामती तालुक्यात. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून खतं-रोखे जाळले, हे आम्हाला शाळेत गावाचा अभिमान म्हणून शिकवलं जायचं. त्या दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारनं कायदा करून दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं. परक्या सरकारला चार वर्षं लागली. आता जाळायला कागदही नाही. ॲप डिलीट केलं तरी देणं राहतंच.

मॅडमकडे जायच्या आधी मी एक मूर्खपणा करून बसलो होतो, तो दुसऱ्या कुणी करू नये म्हणून सांगतो. कर्ज ‘सेटल’ करून, म्हणजे कमी पैशांत मिटवून देतो म्हणणाऱ्या एका एजन्सीला मी ९,५०० रुपये दिले. त्यांनी सांगितलं, हप्ते भरणं बंद करा, फोन उचलू नका, बाकी आमच्यावर सोडा. मी पहिल्या कार्डाचे पैसे भरणं थांबवलं. एजन्सीनं एक छापील ईमेल पाठवला आणि नंतर त्यांनीच माझे फोन उचलणं बंद केलं. पाच महिन्यांत १ लाख ४२ हजारांचे १ लाख ७१ हजार झाले.

आणि मग वसुलीवाले. नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर त्यांनी फोन करायचा नाही. माझा फोन रात्री साडेनऊला वाजायचा, जेवताना. ‘आई-बापानं हेच शिकवलं का’ इथून सुरुवात. बँकेचा माणूस निदान नाव सांगायचा. एका ॲपवाल्यानं माझ्या फोनमधली नावांची यादीच उचलली होती, जे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२२ पासून त्याला करताच येत नाही. एके दिवशी माझ्या फोटोखाली ‘फ्रॉड, पैसे बुडवून फरार’ असं लिहून त्यानं यादीतल्या लोकांना पाठवलं. मी तेव्हा लाइनवर पार्ट चेक करत होतो. फरार! पहिला फोन सुपरवायझरचा, दुसरा मामांचा. “काय रे, तुझा फोटो आलाय हितं कशात तरी.” मी म्हटलं, मामा, फ्रॉड मेसेज आहे, कुणालाही पाठवतात, डिलीट करा. मामांनी लगेच विश्वास ठेवला. सुपरवायझरनं ठेवला नाही, पण तो एका बाजूला घेऊन म्हणाला, माझंही एक चालू आहे. त्यानंच सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा १९३० नंबर दिला. मी तक्रार केली. त्या ॲपवाल्याचे फोन चार दिवसांत बंद झाले.

मॅडमकडून कळलेली एक गोष्ट मात्र मी खिशात घडी करून ठेवलीय. कोर्टानं पैशांसाठी पगार जप्त करायचा म्हटलं, तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग हात लावता येत नाही. माझ्या पगारात ढोबळ साडेनऊ हजारांच्या वर कोर्टालाही नेता येणार नाही. पीएफला तर कुणीच हात लावू शकत नाही. आणि निव्वळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असलेले पैसे दडवले तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८० मध्येच सांगून ठेवलंय. मी रोज रात्री ‘उद्या पोलीस येतील’ या भीतीनं एका ॲपमधून काढून दुसऱ्यात भरत होतो. बाऊन्स झालेल्या हप्त्याचा किंवा चेकचा मामला वेगळा, त्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांत काहीतरी करावंच लागतं, हेही त्यांनी बजावलं. पण बाकीची भीती मला फुकटची विकली गेली होती.

मग वाट कोणती काढली? वडील म्हणाले होते, वीस गुंठे विकू. मी नाही म्हटलं. ऑप्शनमध्ये घालवलेल्या पैशांसाठी बांध विकला असं गावात कुणी म्हणायला नको. शेवटी आईनं तिच्या दोन पाटल्या काढल्या. काढताना हाताला साबण लावावा लागला, कारण लग्नापासून कधी काढल्याच नव्हत्या. मोरीच्या कट्ट्यावर बसून ती हात चोळत होती आणि मला म्हणत होती, “बघ तर, किती सैल झाल्यात, उगाच घट्ट वाटायच्या.” झाल्या नव्हत्या सैल. मनगटावर लाल वळ उठला होता.

पाटल्या गहाण ठेवून १ लाख ८० हजार मिळाले. त्यातून आधी तिन्ही ॲप बंद केले, ६१ हजार. पहिल्या कार्डाच्या बँकेनं दावा लावायच्या आधीच सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस पाठवली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एका बँकेचा फलक, समोर माझ्यासारखे लोक डोकं खाली घालून. माझ्या पुढं एक काकू होत्या, मुलाच्या कर्जासाठी आलेल्या, पिशवीत सगळ्या पावत्या वर्षांप्रमाणे बांधून. बँकेच्या माणसानं दीड लाख सांगितले, मी पंचाहत्तर हजार म्हटलं, ८८ हजारांवर तुटलं. निवाड्याची प्रत हातात मिळाली, शिक्क्यासकट. त्यावर अपील नाही, आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. नऊ हजार पाचशे घेऊन एजन्सीला जे जमलं नाही ते व्हरांड्यात पाऊण तासात, फुकट झालं. दुसऱ्या कार्डात ३० हजार भरून उरलेल्याचे दोन वर्षांचे हप्ते पाडून घेतले.

आता महिन्याचं देणं पावणेसतरा हजारांच्या आसपास आलंय, सोन्याच्या व्याजासकट. हातात साडेबारा हजार राहतात. मेसचे पैसे जातात, भाडं जातं, मित्राचे हजार-हजार करून चाललेत. टपरीचं खातं मिटवलं. माझ्या सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या, रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शिक्का बसलाय. ही माहिती निदान सात वर्षं ठेवली जाते. म्हणजे पस्तिशीपर्यंत मला कुणी घरासाठी कर्ज देणार नाही. खरं सांगायचं तर मला त्यात शिक्षेपेक्षा सोयच जास्त दिसते.

पण मला आई होती आणि आईला पाटल्या होत्या. माझ्या सुपरवायझरला त्या नाहीत. त्याची आकडेमोड मी परवा त्याच रिपोर्टाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिली. पगारात बसतच नाही, कुठूनही मांडा. अशा माणसासाठी कायद्यातला तो तिसरा भाग आहे, आणि तो नऊ वर्षांहून जास्त काळ कपाटात पडलाय. सरकारनं तो लागू करावा आणि ६० हजार-३५ हजारांची ती अट आजच्या पगारांकडे बघून बदलावी, एवढंच माझ्यासारख्याचं मागणं. सट्टा खेळणाऱ्याला कडक अटी लावा, मला तक्रार नाही. आणि विधी सेवेच्या ऑफिसात जशी त्या मॅडमनी मला वेळ दिला, तसा कर्जाचा हिशेब मांडून देणारा एक माणूस आठवड्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात बसवा. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनाच बसवा की. त्यांना व्याज कळतं, आणि ‘कशाला पाहिजे?’ हा प्रश्न त्यांना अजून विचारता येतो. ज्या साहेबांचं पत्र आपण छापलंत ते चाकणला आले तर पहिल्या दिवशी रांगेत मी पाच जण तरी उभे करतो.

पत्र फार लांबलं, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल. ऑप्शनचा भाग मात्र ठेवा, नाहीतर मी बिचारा वाटेन.

एक विनंती. खाली माझं नाव छापू नका, गावाचंही नको वाटलं तर खोडा. मामा आपलाच पेपर घेतात, स्टँडवर, सकाळच्या पहिल्या फेरीच्या आधी. पतसंस्थेचे आणखी एकवीस हप्ते बाकी आहेत, आणि तो फोटो अजून त्यांना फ्रॉड मेसेजच वाटतो.

आपला,
एक वाचक, भोसरी